तिकिटाआधीचे पैसे: उच्च शिक्षणमंत्री आणि कुलगुरूंना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे सर्व सन्माननीय कुलगुरू,

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात गेली तेवीस वर्षे रसायनशास्त्र शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये बारा जणांची भिशी चालते. महिन्याला प्रत्येकी पाच हजार, म्हणजे ज्याचा नंबर लागेल त्याच्या हातात साठ हजार. कुणी त्यातून फ्रीज घेतं, कुणी मुलीच्या क्लासची फी भरतं. काही वर्षांपूर्वी लागोपाठ दोन महिन्यांच्या भिशीतून आम्ही आमच्या एका विद्यार्थ्याला युरोपात पाठवलं. त्याची गोष्ट आधी सांगते, कारण या पत्रातली पहिली मागणी तिथूनच आली आहे.

मुलाचे वडील मार्केट यार्डात टेम्पो चालवतात. बीएस्सी आमच्याकडे केल्यावर त्याने वर्षभर एमआयडीसीतल्या औषध कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. रात्रपाळी संपवून आला की तो आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत बसून अर्ज लिहायचा. त्याने युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती योजनेतल्या एका संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केला आणि त्याची निवड झाली. दोन वर्षांत तीन देशांतली तीन विद्यापीठं, शिक्षणशुल्क माफ, वर दरमहा १,४०० युरो. आपल्या पैशांत सव्वा ते दीड लाखाच्या दरम्यान. त्याचे वडील पेढे घेऊन घरी आले तेव्हा दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर चपला कुठे काढू म्हणून विचारत होते.

पुढच्याच आठवड्यात मुलगा हिशेबाचा कागद घेऊन आला. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, गुणपत्रकांचं साक्षांकन, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून लागणारा सरकारी शिक्का, व्हिसाचं शुल्क, त्यासाठी मुंबईच्या चार फेऱ्या, विमानाचं तिकीट, तिकडच्या खोलीचं दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं. बेरीज दोन लाख ऐंशी हजार. शिष्यवृत्तीत हे सगळं धरलेलं आहेच. त्या १,४०० युरोंतच प्रवास, व्हिसा, राहणं, जेवण सगळं भागवायचं असतं. पण ते पैसे तिथे पोहोचल्यावर, तिथल्या बँकेत खातं उघडल्यावर हाती येतात. खर्च मात्र त्याच्या तीन महिने आधी करावा लागतो.

तो बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेला. फी किती, असं त्याला विचारण्यात आलं. तो म्हणाला, शून्य. मग कर्ज कशावर द्यायचं, असा पुढचा प्रश्न. बँकेतल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याच्या फॉर्ममध्ये फीची पावती जोडायची जागा होती, पूर्ण फीमाफी मिळवलेल्या गरीब मुलासाठी जागा नव्हती. शेवटी पतसंस्थेने लाखभर दिले, आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि उरलेले एक लाख वीस हजार आमच्या दोन भिशींचे. ज्यांचे नंबर होते त्या दोघांनी घरी काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

त्याने फेब्रुवारीपर्यंत भिशीचे सगळे पैसे फेडले. पतसंस्थेचेही. पाटल्या सुटल्या. एक रुपया बुडाला नाही.

महोदय, मी हे पत्र लिहिते आहे ते या शेवटच्या ओळीसाठी. ज्या मुलांसाठी दुसऱ्या कुणीतरी लाखो रुपये मंजूर केलेले आहेत, त्यांना दारापर्यंत पोहोचवायला तीन लाखांची उचल पुरते, आणि ती परत येते. ती देण्याची सोय आपल्या राज्यात नाही, निदान आमच्यासारख्या कॉलेजच्या मुलांना सापडेल अशी तरी नाही. आमच्या गावात ती भिशीने केली. ज्या गावात भिशी नसेल तिथे निवडीचं पत्र तसंच फाईलमध्ये राहत असेल.

परदेशी शिक्षणाला मदत करण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. पुढे लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते १९२० मध्ये गेले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी हात दिला. आज राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती शाहू महाराजांच्याच नावाने चालते, आणि मला तिचा अभिमान आहे. पण त्या योजनेची बांधणी एक विद्यार्थी, एक विद्यापीठ, एक पूर्ण पदवी अशी आहे. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. तीन विद्यापीठांत वाटलेली संयुक्त पदवी किंवा एका सत्रासाठी जाऊन परत येणारी मुलगी त्या चौकटीत नीट बसत नाही. जगात विद्यार्थ्यांची ये-जा आता याच दोन वाटांनी वाढते आहे, आणि आपली मदत मात्र जुन्या एकाच वाटेवर उभी आहे.

युरोपने हे कसं केलं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात आपल्याला लागू पडणारी एक गोष्ट आहे.

सोफिया कोर्रादी नावाच्या इटालियन विद्यार्थिनीला अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि तिने कोलंबिया विद्यापीठातूनच, म्हणजे बाबासाहेबांच्याच विद्यापीठातून, तौलनिक कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली. १९५८ च्या सुमाराला ती रोमला परतली आणि आपल्या विद्यापीठात ते शिक्षण धरून घ्या म्हणून कागद पुढे केले. तिथल्या अधिकाऱ्याने तिला सगळ्यांसमोर फटकारलं; हा अभ्यास इथे चालणार नाही म्हणाला. तो अपमान तिने मनात ठेवला आणि परदेशात घेतलेलं शिक्षण मायदेशी धरलं जावं यासाठी पुढची कित्येक वर्षं सरकारं आणि कुलगुरू यांच्यामागे धरणं धरल्यासारखी लागली. १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आजवर दीड कोटीहून जास्त लोकांनी तिचा लाभ घेतला आहे. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी तिची तरतूद २६ अब्ज युरोंच्या वर आहे. २००४ पासून तिचा मुंडुस हा भाग जगभरातल्या विद्यार्थ्यांना खुला झाला, आणि त्याच्या शिष्यवृत्त्या मिळवणाऱ्या देशांत भारत गेली कित्येक वर्षं अगदी वरच्या क्रमांकांत आहे.

इतक्या मोठ्या योजनेचं मूळ पैशात नव्हतं. कोर्रादीबाईंना पैसे मिळालेच होते, फुलब्राइटने दिले होते. अडलं ते मान्यतेपाशी. म्हणून इरॅस्मसमध्ये विद्यार्थी निघण्याआधीच एक करारनामा होतो. त्यावर विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि घेणारं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. तिकडे कोणते विषय घेणार, त्यांची किती क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या कामाची मापं, आणि परतल्यावर इकडच्या कोणत्या विषयांच्या बदली ती धरली जाणार, हे सगळं आधी लिहिलेलं असतं. पास होऊन आल्यावर पुन्हा विचारणा नाही.

हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे कारण रोममध्ये १९५८ साली जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

आमची एक माजी विद्यार्थिनी पुढे एका विद्यापीठात एमएस्सीला होती. त्या विद्यापीठाचा एका परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार होता. तिसऱ्या सत्रासाठी ती तिकडे गेली. शिक्षणशुल्क माफ, राहण्याचा खर्च स्वतःचा. तिच्या मामांनी पैसे घातले. ती चांगल्या श्रेणी घेऊन परत आली. इकडे परीक्षा विभागाने सांगितलं की या विषयांचे कोड आमच्या प्रणालीत नाहीत. अर्ज अभ्यास मंडळाकडे गेला, तिथून विद्यापरिषदेकडे, विद्यापरिषदेची बैठक पुढे गेली. तोवर चौथ्या सत्राचे फॉर्म बंद झाले. शेवटी तिला तिसऱ्या सत्राचे चारही पेपर पुन्हा द्यावे लागले, एक वर्ष गेलं, आणि तिकडे जाऊन तिने जे केलं त्याचा तिच्या गुणपत्रिकेवर आज एक शब्दही नाही. ती मला म्हणाली, "मॅडम, मी गेलेच नव्हते असं झालं." विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही. कुठल्या एका विद्यापीठाची ही चूक नाही. आपल्या सगळ्यांकडे तो करारनामा नाही, हे त्याचं कारण आहे.

क्रेडिटचं गणित तसं अवघड नाही. युरोपात वर्षाची ६० क्रेडिट असतात, एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याच्या २५ ते ३० तासांच्या कामाची अपेक्षा असते. यात वर्गातले तास, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. आपल्या नव्या क्रेडिट आराखड्यात वर्षाला साधारण ४० क्रेडिट, एकूण १,२०० तास. म्हणजे त्यांच्या सत्राची ३० क्रेडिट आपल्या २० ते २२ क्रेडिटच्या जागी सहज बसतात. एका पानाचा तक्ता पुरेल. तो प्रत्येक विभागाने, प्रत्येक विद्यार्थ्यासाठी, दर वेळी नव्याने शोधत बसायचा आणि तोवर मुलीने थांबायचं, हे थांबवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. विद्यार्थ्याने वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेली क्रेडिट जमा ठेवणारी शैक्षणिक क्रेडिट बँक २०२१ पासून आहे, ती याच कल्पनेवर उभी आहे.

वेळापत्रकाची अडचण मात्र खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. आपलं तिसरं सत्र जूनअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत. मुलगी गेली तर आपली दोन सत्रं कापली जातात. यावर मला सुचणारा उपाय एवढाच की अशा विद्यार्थ्यांसाठी चौथ्या सत्रातला प्रकल्प तिकडच्याच प्रयोगशाळेत सुरू करू द्यावा आणि उरलेले एक-दोन पेपर पुढच्या परीक्षेत एटीकेटीचा शिक्का न बसता देऊ द्यावेत. परीक्षा विभागातले अनुभवी लोक याहून चांगला मार्ग काढतील. त्यांना तो काढायला सांगा, एवढंच म्हणते.

आता पैशांकडे पुन्हा येते. नुसत्या शुल्कमाफीच्या करारांचं एक वाईट रूप आम्ही पाहिलं आहे. करारानुसार दरवर्षी दोन जागा असतात. सूचना वेबसाइटवर इंग्रजीत आठ दिवस असते. जर्मनीचा व्हिसा मागायचा तर राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात; २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. एका सत्राचे सहा लाखांच्या आसपास. हे ज्याच्या घरी आहेत तोच त्या जागेवर जातो, आणि नसेल कुणी तर जागा रिकामी राहते. शेतमजुराच्या, अंगणवाडी सेविकेच्या मुलीला तिथे फी नाही याचा काय उपयोग? म्हणून दोन प्रकारची मदत लागेल. ज्यांना पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली आहे त्यांना बिनव्याजी उचल, जी वर्षभरात हप्त्यांनी परत यावी. आणि ज्यांना फक्त शुल्कमाफी मिळाली आहे त्यांच्यापैकी गरजूंना राहण्याच्या खर्चाचं अनुदान, जे परत घ्यायचं नाही.

पहिल्यासाठी लागणारी रक्कम मी मांडून बघितली. वर्षाला दोनशे विद्यार्थी आणि प्रत्येकी तीन लाख धरले तर सहा कोटी. एकदाच द्यायचे, पुढच्या वर्षी तेच फिरून येतील. काही बुडतील, हे मी धरून चालते. कुणाचा व्हिसा नाकारला जाईल, कुणी आजारी पडून परत येईल. त्या मुलाच्या बापाच्या मागे वसुली लावू नका. तेवढं नुकसान राज्य सोसू शकतं. उचल निवडीचं पत्र दाखवल्यापासून पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे, कारण मुंडुसची निवड साधारण मार्च-एप्रिलमध्ये कळते आणि सप्टेंबरच्या आत तिकडे हजर व्हायचं असतं. मधल्या चार महिन्यांत व्हिसाची तारीख मिळवणं हेच मोठं काम असतं. निधी मंत्रालयात ठेवू नका, विद्यापीठाकडे द्या. विद्यार्थी विकास विभागाच्या खिडकीवर आमच्या मुलाला जाता येतं.

संयुक्त पदव्यांबद्दल मला कुलगुरूंशी अधिक बोलायचं आहे.

इरॅस्मस मुंडुसच्या अभ्यासक्रमासाठी किमान तीन देशांतली तीन विद्यापीठं एकत्र यावी लागतात आणि त्यांतली दोन तरी युरोपीय संघातली किंवा त्या योजनेशी जोडलेल्या देशांतली असावी लागतात. तिसरं विद्यापीठ जगात कुठलंही चालतं. ते कोल्हापूरचं का नसावं? छत्रपती संभाजीनगरचं का नसावं? असा अभ्यासक्रम आखण्याच्या तयारीसाठीसुद्धा तिकडून वेगळं अनुदान मिळतं, पन्नास हजार युरोंहून जास्त, आणि त्यासाठी युरोपबाहेरचं विद्यापीठही अर्ज करू शकतं. पंधरा महिन्यांत बैठका घ्या, अभ्यासक्रम लिहा, प्रवेशाचे आणि परीक्षेचे समान नियम ठरवा, इतकंच त्यात अपेक्षित आहे. मोठी इमारत मागत नाहीत.

आपल्या बाजूचा कायदाही आता आड येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये जे नियम काढले त्यांत जुळी, संयुक्त आणि दुहेरी अशा तिन्ही प्रकारच्या पदव्यांना वाट दिली. संयुक्त पदवीत प्रत्येक विद्यापीठात किमान ३० टक्के क्रेडिट घ्यायची. नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण असलेल्या, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या विद्यापीठाला त्यासाठी आयोगाची पूर्वपरवानगीही लागत नाही. समोरचं विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असलं की झालं. २०२१ च्या मूल्यांकनात मुंबई विद्यापीठाला ३.६५ आणि शिवाजी विद्यापीठाला ३.५२ गुण मिळाले होते. म्हणजे दार उघडं होतं आणि आहे. शिवाय २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळावर पूर्णवेळ माणसं हवीत. आज बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असतं. त्यांचे वर्ग, पीएचडीचे विद्यार्थी, नॅकची फाईल, आणि उरलेल्या वेळात परदेशातून आलेला मेल. तिकडून मेल येतो तेव्हा उत्तराची मुदत दहा दिवसांची असते.

जमतं, याचा पुरावा पवईतच आहे. आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचं मोनॅश विद्यापीठ यांनी २००८ मध्ये एकत्र संशोधन अकादमी काढली. तिथल्या विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक असतात, तो बहुतेक काळ पवईत आणि काही काळ मेलबर्नला काम करतो आणि पीएचडीवर दोन्ही संस्थांची मोहोर असते. आयआयटीकडे पैसा आहे, नाव आहे, हे मला मान्य. पण तिथे आधी दोन संस्थांनी बसून एकमेकींचे नियम जुळवले, आणि नियम जुळवायला आयआयटी असावं लागत नाही.

मंत्रीमहोदयांना एका कराराची आठवण करून द्यायची आहे. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राची भागीदारी २०१५ पासून आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. २०२४ मध्ये याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला आणि सुरुवातीला १० हजार तरुणांना पाठवण्याचं ठरलं: परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री, प्लंबर. त्यांच्यासाठी जर्मन शिकवण्याची व्यवस्था सरकारने हाती घेतली. चांगलं केलं. पण ज्या राज्यात १३८६ साली स्थापन झालेलं हायडेलबर्ग विद्यापीठ आहे, ट्युबिंगेन, फ्रायबुर्ग, कार्ल्सरूह आहेत, त्या राज्याशी आपलं नातं हातांच्या गरजेपुरतं का ठेवायचं? त्या करारात विद्यार्थ्यांचं एक कलम घाला. बाडेन-वुर्टेम्बर्गची स्वतःची शिष्यवृत्ती आहे, आणि ती मिळायला दोन विद्यापीठांमध्ये देवाणघेवाणीचा करार असावा लागतो. तो करार आपल्या विद्यापीठांनी केला तर पैशांचा एक भाग तिकडूनच येईल. आणि जर्मनच्या अशा वर्गांत बीएस्सीच्या चार मुलांना मागच्या बाकावर बसू द्या.

देवाणघेवाण म्हटलं की तिकडची मुलंही इकडे यायला हवीत. हा विषय निघाला की बैठकीत शांतता होते, ती मी अनुभवली आहे. आपल्याकडे कोण येणार, असं लोकांच्या मनात असतं. मला हे अजिबात पटत नाही. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला बेसाल्टमधलं उल्कापाताचं विवर बघायचं तर लोणारला यावं लागेल. वनहक्कांचा कायदा गावाने कसा राबवला हे शिकायचं तर गोंडवाना विद्यापीठात नाव घालून गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा लेखा या गावी राहावं लागेल. त्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आहे, आंब्या-काजूचं काम दापोलीत चालतं, सहकारी साखर कारखान्यांचा शंभर भल्याबुऱ्या गोष्टींचा इतिहास कोल्हापूर-सांगली-नगरच्या पट्ट्यात पसरलेला आहे. संस्कृत आणि प्राकृत पोथ्यांसाठी युरोपातले अभ्यासक पुण्याच्या भांडारकर संस्थेत पूर्वीपासून येतात. आपल्याजवळ शिकवण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते सहा-आठ क्रेडिटच्या नीट लिहिलेल्या अभ्यासक्रमात बांधलेलं नाही. त्याबरोबर वसतिगृहात दहा स्वच्छ खोल्या लागतील आणि परदेशी विद्यार्थ्याची पोलिसांकडची नोंदणी वेळेत करून देणारा एक लिपिक. एकशे ऐंशी दिवसांहून जास्त राहणाऱ्याला आल्यापासून चौदा दिवसांत ती करावी लागते, आणि जिल्ह्याच्या गावात ती कुठे करायची हे त्या मुलाला कोण सांगणार?

नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांची संकुलं येत आहेत. येऊ देत. पण ती स्वतःची पदवी स्वतःच्या फीवर देतील. आमच्या गावच्या मुलीला त्या फीचा आकडा आणि लंडनच्या फीचा आकडा सारखाच लांबचा. त्या संकुलांकडे जितक्या उत्साहाने आपण बघतो तितका उत्साह आपल्याच विद्यापीठांचं नाव दुसऱ्याच्या पदवीवर यावं यासाठी दिसावा, अशी माझी फार इच्छा आहे.

एक आक्षेप मला दर वेळी ऐकावा लागतो: सरकारी पैशाने पाठवलेली ही मुलं परत येत नाहीत. काही येत नाहीत. आमचा तो विद्यार्थी अजून तिकडेच पीएचडी करतो आहे, आणि दर दिवाळीला आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी ऑनलाइन दोन तास बोलतो, त्यांचे अर्ज वाचून लाल शाईने भरून पाठवतो. त्याच्यानंतर आमच्या कॉलेजातून आणखी दोघं गेली. पण ज्यांना परत येण्याची काळजी आहे त्यांनी तर देवाणघेवाणीला सगळ्यात आधी पाठिंबा द्यावा. सत्रासाठी गेलेल्या मुलीची पदवी इकडे असते, ती यायचीच. संयुक्त पदवीतला विद्यार्थी एक भाग आपल्याकडे पुरा करतो, त्याच्यासोबत दोन परदेशी मुलंही इकडे राहतात. आपण विद्यापीठांना त्यात भागीदार केलं नाही, तर उरते ती फक्त एकट्यादुकट्याने निघून जाण्याची वाट.

म्हणून माझं मागणं असं आहे. सरकारने येत्या अर्थसंकल्पात सहा कोटींचा फिरता निधी आणि शुल्कमाफीवर जाणाऱ्या गरजू मुलांसाठी राहण्याच्या खर्चाचं अनुदान ठेवावं. शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत संयुक्त पदव्यांचा स्पष्ट उल्लेख करावा आणि क्रमवारीची अट त्यांना कशी लावायची ते लिहून द्यावं. कुलगुरूंनी विद्यापरिषदेच्या पुढच्याच बैठकीत क्रेडिटचा तक्ता आणि निघण्याआधीचा त्रिपक्षीय करारनामा मंजूर करावा. याला एक रुपयाही लागत नाही. ट्रान्सक्रिप्ट पंधरा दिवसांत मिळेल अशी तारीख परीक्षा विभागाच्या खिडकीवर लावावी. आणि प्रत्येक विद्यापीठाने दोन वर्षांत निदान एका संयुक्त अभ्यासक्रमाच्या आखणीसाठी युरोपीय अनुदानाचा अर्ज करावा. तो नामंजूर झाला तरी चालेल. पहिल्या अर्जात माणसं जोडली जातात.

मी हे पत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिहिते आहे. मुंडुसच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज जानेवारीत बंद होतात. यंदा आमच्या कॉलेजातून तिघं अर्ज भरत आहेत. एक मुलगी जलशुद्धीकरणाच्या अभ्यासक्रमाला, तिच्या गावात फेब्रुवारीपासून टँकर येतो. तिने ट्रान्सक्रिप्टसाठी ऑक्टोबरच्या चौदा तारखेला पैसे भरले आहेत. आज एकावन्न दिवस झाले, ते आलेलं नाही. तिची निवड होईल असं मला वाटतं. एप्रिलमध्ये भिशीचा नंबर माझा आहे, आणि तो मी तिच्यासाठी राखून ठेवला आहे.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका